खरचुडीचं माहेर

कराडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून रुजू झाले, तो नव्वदच्या दशकाचा सुरुवातीचा काळ. पहिल्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडं नेमणुकीचं पत्र मागितलं. विभागप्रमुख सरांनी मागितलं नाही. त्यांनी विचारलं, "माहेर कुठलं?"

मी इस्लामपूर सांगितलं. मग आईचं माहेर विचारलं, ते विटा. मग आईच्या आईचं, ते जतकडचं. सर खुर्चीत मागं रेलले आणि समाधानानं म्हणाले, "जत, विटा, इस्लामपूर, कराड. तुमच्याकडं दर पिढीला पाऊस वाढत आलाय, बाई. मुलीला पाटणला द्या."

मला तेव्हा मुलगी नव्हती. माझ्याच लग्नाला वर्ष झालं नव्हतं. सरांनी कपाटांच्या किल्ल्या माझ्यापुढं ठेवल्या आणि ते तासाला निघून गेले. विभागाचे शिपाई तात्या दारात उभे होते. ते म्हणाले, "मला बी इचारलं हुतं. म्हसवडची आई म्हटल्यावर लय खूष झालं. दोन दिस मला च्या पाजला."

सर साताऱ्याला राहायचे आणि रोज एसटीनं कराडला यायचे. उंच, सडसडीत माणूस. विजारीचे पाय मोज्यांत खोचलेले, खिशात दाढीच्या ब्रशच्या डबीत ठेवलेलं भिंग. पूर्वेला, म्हणजे माण-खटावकडं, जाताना त्यांच्या काखेत छत्री असायची आणि महाबळेश्वरला जाताना नसायची. मला आधी वाटलं, विसरतात. मी सहलीच्या सामानाच्या यादीत छत्री लिहून त्यांच्या हातात यादी दिली. त्यांनी छत्रीवर काट मारली. महाबळेश्वरच्या पावसात छत्री उघडली तर ती आपल्याला सांभाळत नाही, आपल्याला तिला सांभाळावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. माणमध्ये मात्र तिच्याइतकी सावली दुसरं काहीच देत नाही. विचार केल्यावर मला ते पटलं आणि पुढच्या याद्या मी तशाच केल्या.

त्यांच्या बहुतेक विक्षिप्तपणाचं असंच व्हायचं. आधी हसू यायचं आणि मग आपण तसं करायला लागायचो. फक्त थर्मामीटरचं मला कधी जमलं नाही. ते जमिनीवर पालथे झोपून दगडाच्या खाली, कातळाच्या भेगेत, झुडपाच्या बुडाशी थर्मामीटर सरकवायचे आणि हनुवटी मातीला टेकून वाट बघत राहायचे. हवामान खात्याचा थर्मामीटर माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर असतो, झाडाला राहायचं असतं ते घोट्याच्या उंचीवर, असं त्यांचं सूत्र होतं. म्हसवडच्या बाजूला एका माळावर ते असे पडलेले असताना एक मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, "आवं सर, दगडाला ताप भरलाय व्हय?"

सर मान न वळवता म्हणाले, "बघतोय. भरला असला तर सांगतो."

"सांगा बरं. आमी त्येच्यावरच बसतोय की."

सरांनी थर्मामीटर काढून आकडा सांगितला आणि कातळावरची हवा त्याहून किती थंड आहे तेही सांगितलं. मेंढपाळानं दोन्ही ऐकून घेतलं. जाताना तो पुढच्या दगडावर बसला, पण आधी त्याला हात लावून बघितला.

माणसांपेक्षा जास्त ते माहेर विचारायचे झाडांचं. कोणतंही झाड आज जिथं राहतं ते त्याचं सासर, आणि त्याचे पूर्वज ज्या हवेत, ज्या पावसात वाढले ते त्याचं माहेर. ते माहेर शोधून काढणं हाच त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. आज लोक रेणू तपासून झाडांची नाती लावतात आणि लाखो वर्षांपूर्वी ते कुळ कसल्या हवामानात राहत असेल त्याचा अंदाज संगणकाकडून काढतात. सरांकडं खडू होता.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला ते हे कसं शिकवायचे ते मी मागच्या बाकावर बसून ऐकलेलं आहे. फळ्यावर तीन बहिणी काढायचे. एक महाबळेश्वरला दिली, एक कराडला, एक मिरजेला. तिघींच्या घरी जाऊन बघा, म्हणायचे. तिघीही तांदूळ धुतलेलं पाणी टाकत नाहीत, कुंडीत ओततात. मिरजेच्या बहिणीचं समजण्यासारखं आहे. पण महाबळेश्वरच्या बहिणीच्या दारात पावसाचे पाट वाहतायत, तिला पाणी राखायचं कारण काय? सासरी शिकली म्हणावं तर तिघींची सासरं वेगळी. म्हणजे ही सवय माहेरची. म्हणजे माहेरी पाणी कमी होतं. आपण ते गाव बघितलेलं नाही, ते आता नकाशावरही नाही, तरी तिथला पाऊस आपल्याला कळला.

एकदा एका मुलीनं विचारलं, की तिघींनी एकाच मासिकात वाचून ही सवय लावून घेतली असेल तर?

सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "तर मी संपलो." ते इतक्या आनंदानं म्हणाले, की वर्ग हसायचा थांबला. तिचा प्रश्न त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला, भोवती चौकट केली आणि तात्यांना सांगितलं की ही चौकट पुसायची नाही. पुढं कित्येक दिवस रसायनशास्त्राचे लोक त्या चौकटीच्या कडेनं आपली समीकरणं लिहीत होते.

सरांची लाडकी म्हणजे खरचुडी. नाजूक वेल, खाली मातीत कंद, आणि ऐन पावसाळ्याच्या शेवटी कंदिलासारखं फूल. पोरं कंद उकरून खातात. हिच्या भावकीत पुष्कळ जाती आहेत, पण साताऱ्याच्या पश्चिमेला एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या सपाटीवर, सरांना एक अशी मिळाली होती की तशी आम्हाला दुसरीकडं कुठंच दिसली नव्हती. तिचं जवळचं नातं माणच्या माळावरच्या माकडशिंगाशी. माकडशिंग म्हणजे पानं नसलेली, शिंगासारखी जाड हिरवी कांडी, आत पाणी साठवून उन्हाळा काढणारी. एक बहीण धो-धो पावसात, एक बहीण कोरड्या माळावर. पण पावसातलीसुद्धा पाणी साठवते, कंदात. सरांचा निष्कर्ष ठरलेला होता. या कुळाचं माहेर कोरडं. सड्यावरची ही पोरगी पावसात दिलेली आहे.

हे त्यांनी पुण्याच्या एका परिषदेत मांडलं. तिथल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी उठून विचारलं, की ही गोष्ट छान आहे, पण पुरावा काय? माहेर माहेर म्हणताय, तर एकदा तिला माणला नेऊन लावा आणि तिथं नांदते का ते दाखवा.

सर म्हणाले, "माहेरी मुली नांदत नाहीत. राहायला येतात."

सभागृह हसलं. गृहस्थही हसले. पण परतीच्या गाडीत सर हसत नव्हते. लोणंद येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "बाई, पुरावा मागितला त्यात चूक काही नाही त्यांची."

निवृत्तीला दोन-एक वर्षं राहिली असताना बातमी आली की त्या सड्यावर पवनचक्क्या येणार. यंत्रं वर न्यायला रस्ता रुंद करायचा, आणि तो रस्ता नेमका खरचुडीच्या पट्ट्यावरून जाणार. आम्ही उन्हाळ्यात वर गेलो तेव्हा चुन्याच्या खुणा पडलेल्या होत्या. मुकादम भला माणूस होता. काम त्याला थांबवता येणार नव्हतं, पण आठवड्याची सवड देतो म्हणाला.

उन्हाळ्यात खरचुडी वर दिसतच नाही. वेल वाळून जातो आणि कंद मातीत झोपून असतो. सुदैवानं मी आधीच्या पावसाळ्यात प्रत्येक वेलाशेजारच्या दगडावर लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवला होता. ते ठिपके बघत आम्ही तिघांनी, सर, तात्या आणि मी, कंद उकरले. घमेलंभर निघाले. एवढीच त्या जातीची आम्हाला माहीत असलेली दुनिया.

आता ती लावायची कुठं, यावर सड्यावरच आमचं वाजलं. सरांनी ठरवून टाकलं होतं, सगळे कंद माणला न्यायचे. तात्यांच्या भावाचा दहिवडीजवळ माळ होता, भाऊ लावून घ्यायला तयार होता. मी म्हटलं, अर्धे तिकडं लावू, अर्धे पलीकडच्या सड्यावर लावू. एकीकडं मेले तर दुसरीकडं राहतील. यात शास्त्र काही नाही, पण मी घरात गहूसुद्धा दोन डब्यांत ठेवते.

सर म्हणाले, "पलीकडच्या सड्यावरही उद्या रस्ता येईल. आणि अर्धी मुलगी माहेरी, अर्धी सासरी, असं कोण करतं?"

मी म्हटलं, "सर, तुम्हाला ही जगवायचीय की पुण्याला उत्तर द्यायचंय?"

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. तात्यांनी घमेलं उचलून डोक्यावर घेतलं आणि ते उतरायला लागले. सरांनी एक खड्डा पायानं बुजवला. मग म्हणाले की दोन्ही एकाच गोष्टीनं होणार आहे, माझा हिशेब बरोबर असेल तर. त्यांचा हिशेब चुकला असेल तर काय, हे मी विचारलं नाही. ते त्यांनाही कळत होतं. घमेल्यात एक जात होती आणि तिच्यावर त्यांचा सगळा जन्म पैजेला लागला होता.

खाली उतरून आम्ही साताऱ्याला सरांच्या घरी जेवायला गेलो. काकूंनी पिठलं-भाकरी केली होती. काकू मिरजेच्या. घरात त्यांचा मिरजेहून आणलेला तंबोरा खोळीत उभा असायचा. साताऱ्याच्या पावसाळ्यात तो सारखा उतरतो अशी त्यांची तक्रार होती, तरी रोज सकाळी त्या तो लावून घ्यायच्या. बोलायला मऊ, पण सरांच्या शास्त्रात त्या कधी पडत नसत. त्या दिवशी घमेलं स्वयंपाकघराच्या दारात ठेवलेलं बघून त्यांनी विचारलं, हे काय. तात्यांनी सगळं सांगितलं, माझं आणि सरांचं वाजलं तेही.

काकू वाढत राहिल्या. सरांच्या पानात भाकरी ठेवताना म्हणाल्या, "पुण्याला तुम्हीच सांगितलंत ना, माहेरी मुली नांदत नाहीत?"

"सांगितलं."

"मग हिला तिकडं कायमची कशी नेताय?"

सर म्हणाले, अगं, ते गमतीनं म्हटलं होतं. हिचं सगळं कुळ कोरड्या हवेतलं आहे.

"माझंही सगळं कुळ मिरजेतलं आहे," काकू म्हणाल्या. "भाऊ बोलावतो, भावजय करते सगळं. पण आता चार दिवस झाले की मला तिथं करमत नाही. ऊन सोसत नाही, पाणी जड लागतं. आल्यावर इथली खिडकी उघडली की बरं वाटतं. माझं माहेर मिरज, हे खरंच आहे. म्हणून मला परत मिरजेत लावून याल का?"

तात्यांना ठसका लागला. सरांनी त्यांच्याकडं पाण्याचा तांब्या सरकवला. मग त्यांनी ताक मागितलं, ते प्यायले, आणि ताट तसंच पुढ्यात ठेवून बसून राहिले. हात वाळला तरी उठले नाहीत. त्यांच्याकडं बघताना मला त्या मुलीचा प्रश्न ऐकल्यावरचा त्यांचा चेहरा आठवला. फक्त या वेळी आनंद नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि तात्या साताऱ्याच्या स्टँडवर पोचलो, तेव्हा सर फलाटावर उभे होते आणि त्यांच्या पायाशी दोन पिशव्या होत्या. मला म्हणाले, "तुमचं ऐकलं असं समजू नका."

मी म्हटलं, "नाही समजत."

एक पिशवी आम्ही दहिवडीला नेली. तात्यांच्या भावानं जागा साफ करून ठेवली होती. कंद बघून त्यानं एवढंच विचारलं, की हे पोरं खातात तेच ना? मग त्यानं भोवती वेड्या बाभळीच्या फांद्या अशा रचल्या की आम्हालाच आत हात घालता येईना. दुसरी पिशवी आम्ही त्याच आठवड्यात पलीकडच्या सड्यावर नेली आणि कातळाच्या भेगांतल्या मातीत कंद लावले. तिथं कुंपण घालायला काही नव्हतं. सरांनी पालथं पडून थर्मामीटर मात्र लावला.

पहिल्या पावसाळ्यात दोन्हीकडं नुसते वेल आले. मी सरांना म्हटलं की उपटून लावलेल्याचं पहिलं वर्ष धरायचं नसतं, आमच्या दारातला मोगराही एक वर्ष रुसला होता. त्यांनी मान डोलावली. पण त्या वर्षभरात त्यांनी वर्गात तीन बहिणी काढल्या नाहीत. विद्यार्थ्यांना नुसती झाडं शिकवली, पुस्तकात असतात तशी.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात आम्ही आधी दहिवडीला गेलो. सरांची छत्री काखेत होती. तात्यांचा भाऊ लांबूनच हात करत पुढं आला. कुंपणाच्या आत खरचुडी माजली होती. देठ करंगळीएवढे जाड, पानं गुबगुबीत, शेजारी त्यानं आपणहून लावलेलं माकडशिंग. दोघी खरंच बहिणी दिसत होत्या. सर गुडघ्यावर बसले आणि भिंगातून एकेक पेर बघत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं, तरी छत्री उघडायची त्यांना आठवण राहिली नाही.

"लय जोमात हाय सर," भाऊ म्हणाला. "गेल्या साली बी अशीच. पर कळी काय धरीना."

सरांनी शेवटचा वेलही बघून घेतला. एकही कळी नव्हती. मग त्यांनी त्याला सांगितलं की फार छान जपलंय, आणखी काही करू नकोस. परतीच्या एसटीत ते मला म्हणाले की कुळ कोरड्यातलं आहे यात शंका नाही, ते देठ बघा, दोन वर्षांत आजीसारखी दिसायला लागली. फुलत का नाही, तेवढं कळत नाही. कदाचित फुलं धरायला लागणारा ओलावा, ते धुकं, हे सगळं तिनं सड्यावर आल्यावर अंगाला लावून घेतलं असेल. मी म्हटलं, सडा अजून बघायचा राहिलाय. ते म्हणाले, तिथलं मला बघवणार नाही, बाई. पाऊस भयंकर झालाय यंदा.

तरी दोन दिवसांनी आम्ही गेलो. वर धुकं इतकं होतं की तात्या पुढं चालत आणि हाक देत. लावलेले बरेचसे कंद कुजून गेले होते. भेगांमधून पाणी वाहून माती गेलेली, कंदांची नुसती टरफलं राहिलेली. मी प्रत्येक जागेशी थांबत होते आणि सर माझ्या मागं उभे राहत होते, खाली न बघता. पहिल्या ओळीत काही नाही. दुसऱ्या ओळीत काही नाही. कातळ जिथं जरा उतरता होता आणि पाणी थांबत नव्हतं, तिथं गवतात एक वेल दिसला. दोऱ्यासारखा बारीक, पानं तोकडी, माणच्या वेलापुढं अगदी हडकुळा. आणि त्याला तीन कंदील लागलेले होते. जरा पुढं आणखी एक वेल, त्यालाही होते. त्याच्याही पुढं जुन्या फुलाच्या जागी शिंगांसारख्या दोन शेंगा धरल्या होत्या.

मी सरांना हाक मारली. ते आले, वाकले आणि पालथे न पडता नुसते उकिडवे बसले. भिंग काढलं नाही. चष्म्यावर धुकं बसत होतं, तो पुसत राहिले. तात्या म्हणाले, "आली की हो सर." सर म्हणाले, "आली."

मग काही वेळानं, जणू आम्ही विचारलंच होतं अशा आवाजात, ते म्हणाले, "माहेर कोरडंच. तिथं मी चुकलो नाही. चुकलो ते पुढच्या वाक्यात."

उतरताना ते आमच्या पुढं होते. त्या वयात आणि त्या ओल्या कातळावर एवढ्या झपाट्यानं उतरायला नको होतं, पण मी काही बोलले नाही. पायथ्याच्या गावात स्टँडसमोर एसटीडीची पिवळी पाटी होती. सर पँट गुडघ्यापर्यंत चिखलात, तसेच काचेच्या खोपटात शिरले आणि घरचा नंबर फिरवला. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळं आम्हाला ऐकू येत होतं.

"फुललीय," ते म्हणाले. मग, "नाही, तिकडं नाही. इकडं, सड्यावर." मग पुष्कळ वेळ ते नुसतं ऐकत होते आणि मान हलवत होते, काकू समोर असल्यासारखी.

पैसे देऊन ते बाहेर आले. मी विचारलं, काकू काय म्हणाल्या?

"काही नाही," सर म्हणाले. "म्हणाली, बरं झालं. येताना कोथिंबीर आणा."